जुळं केळं आणि भाऊकाकांची तिप्पट

आमच्या घरात बारा महिने केळ्यांचा वास असायचा, आणि तो आहे हे आम्हाला पाहुण्यांकडून कळायचं. पाहुणा उंबऱ्याशी चपला काढता काढता नाक वर करून म्हणायचा, "वा, पिकली वाटतं!" त्यावर आई म्हणायची, "आमची कधी पिकलेली नसतात?" दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, केळीचं शेत तापीच्या अंगाला होतं आणि घर गावात, राजपुरा नावाच्या पेठेत. घराच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात घड रचायचे, वर केळीची पानं झाकायची, कोपऱ्यात धूर करायचा आणि दार बंद करून त्याच्या फटी मातीनं लिंपून टाकायच्या. काही दिवसांनी दार उघडलं की आत सगळं पिवळं. पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट दिवसभर चालायची. आई त्याच तालावर भाकरी थापते आणि माग थांबला की तिचा हातही थांबतो, अशी दादांची एक आवडती थट्टा होती. ती मी लहानपणी खरी धरून चालले होते. वीज गेली की माग बंद पडायचे आणि मला वाटायचं, आज जेवायला उशीर.

ज्यांच्या घरी केळी विकत येतात त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. घडात कधी कधी एखादं केळं जुळं निघतं. एकाच सालीत दोन केळी, एकमेकांना बिलगून बसलेली. व्यापारी असली केळी बाजूला काढायचा आणि म्हणायचा, "ही तुमच्या पोरांना." मग ती घरी यायची. आता जुळं केळं पोरीबाळींनी खायचं नसतं, खाल्लं तर जुळी मुलं होतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्या घरात वर्षाकाठी एखादं जुळं केळं दिसतं त्या घराला हा नियम पाळायला काय जातंय! आमच्याकडे टोपली भरायची. सुरुवातीला ती दादा खायचे. मग एके दिवशी त्यांनी हात जोडले. "मला जुळी होणार नाहीत हे कबूल, पण पोट तर एकच आहे ना?" तेव्हापासून टोपलीवर आम्हा दोघी बहिणींचं राज्य सुरू झालं. आम्ही खायला लागलो की आई पाठ करून उभी राहायची. तिनं पाहिलं नाही म्हणजे आम्ही खाल्लं नाही, असा तो समझोता. दुसरा नियम मात्र ती डोळे उघडे ठेवून पाळायला लावायची: चांगली फणी पाहुण्यांना, डागाळलेली, मोडकी आणि जुळी आपल्याला.

हे दोन नियम एकाच ताटात समोरासमोर येतील हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आले सुमनताईला बघायला रावेरची मंडळी आली तेव्हा.

सुमनताई माझी थोरली बहीण. गोरी, हुशार, आणि उंच. इतकी उंच की बघायला येणाऱ्या मुलांचे वडील आधी तिच्याकडे बघायचे, मग आपल्या मुलाकडे, मग दाराबाहेरच्या जोड्यांकडे. तीन-चार ठिकाणांहून "कळवतो" असं झालं होतं आणि कुणी काही कळवलं नव्हतं. रावेरचा मुलगा, मधुकर, शाळेत मास्तर होता आणि त्यालाही उंची होती. त्याचा एक जुळा भाऊ होता, सुधाकर. तो रावेरलाच दुकान बघायचा. मधुकरच्या आईला आम्ही रावेरच्या काकू म्हणायचो. त्या कापडखरेदीसाठी आमच्याच गावच्या इतवाऱ्यात आपल्या चुलतबहिणीकडे चार-आठ दिवस मुक्कामाला आल्या होत्या आणि हातासरशी सूनही बघून घ्यावी असा त्यांचा बेत होता.

पोहे झाले. मधुकरनं स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, यांतलं काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" असं आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ताईनं मान वर केली आणि म्हणाली, "तुमचा भाऊ अगदी तुमच्यासारखा दिसतो म्हणे. मग आज आलेले तुम्हीच, हे कशावरून?" आईनं कपाळाला हात लावला. मधुकर मात्र हसता हसता खोकला. "सुधाकर असता तर एव्हाना तिसऱ्यांदा पोहे मागितले असते." ताई आत येऊन पाणी प्यायली, आणि पाणी संपलं तरी पेला तोंडाला लावून उभी राहिली. मी ओळखलं. आजवर लोकांनी ताईला पसंत करायचं असायचं. आज पहिल्यांदा ताईनं कुणाला तरी केलं होतं.

मग केळ्यांचं ताट आलं. ते मागच्या खोलीतून भाऊकाकांनी भरून आणलं होतं, आणि भाऊकाकांच्या दृष्टीनं केळं म्हणजे केळं. काकूंनी एक घेतलं, मायेनं म्हणाल्या, "तूही घे गं एखादं, लाजू नको." ताईचा हात पुढे गेला. पिवळीधमक, सुबक केळी होती, ती तिनं पाहुण्यांना ठेवली आणि कडेचं जुळं उचललं. सवयच तशी. सोललं, आणि निम्मं संपेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही.

"अगं, अगं, अगं!" काकू अर्ध्या उठल्या.

ताईनं हातातल्या केळ्याकडे पाहिलं. आता करायचं काय? खाल्लेलं अर्धं बाहेर काढता येईना आणि उरलेलं अर्धं टाकणं म्हणजे आमच्या घरात पाप. तिनं तेही खाऊन टाकलं.

"मी असंच खाल्लं होतं एकदा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पोटच्या मुलाकडे बोट केलं. "ते बघा! एक इथं बसलाय, दुसरा रावेरला आहे. दोघांना वाढवताना माझा जीव जायचा राहिला. नको गं बाई, पुन्हा घरात तो खेळ नको." मंडळी उठली. जाताना त्या म्हणाल्या, "कळवतो."

आता भाऊकाकांबद्दल सांगायला हवं. ते दादांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, नागपूरला सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात. त्या दिवसांत प्रांत मोडून नवी राज्यं होत होती. आम्ही झोपलो होतो तिथेच होतो, पण आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला चालली होती. भाऊकाकांच्या कचेरीची कपाटं, टेबलं, खुर्च्या मालगाडीत चढल्या आणि भाऊकाकांना सांगण्यात आलं, टेबल पोचलं की कळवू, तोवर घरी जा. टेबल कुठल्या यार्डात अडकलं होतं देव जाणे. मोजायला काही नसल्यानं ते घरातलं मोजायचे. आई भाजीत मीठ घालताना चिमटी किती वेळा हलते, दादा एका वाक्यात किती वेळा "समजलं काय" म्हणतात. त्या संध्याकाळी आई रडत होती, ताई रडायचं नाही म्हणून भांडी घासत होती, आणि भाऊकाका एकदम उठून उभे राहिले. ताट आपणच आणलं याची बोच असावी.

"वहिनी, रडू नका. काकूंचं म्हणणं काय? मी खाल्लं आणि मला जुळी झाली. पण हा झाला एकच कोपरा. खाऊनही न झालेल्या किती? न खाता झालेल्या किती? न खाता न झालेल्या किती? खाणाऱ्यांत दर शंभरी किती जणींना झाली ते काढायचं, न खाणाऱ्यांत दर शंभरी किती ते काढायचं, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर एक आलं तर केळं निर्दोष. एकाच्या वर गेलं तर केळ्यावर संशय. याला म्हणतात सापेक्ष जोखीम."

"आणि एकाच्या खाली आलं तर?" दादांनी विचारलं.

"तर केळं खाल्ल्यानं जुळी टळतात."

"मग तेच येऊ द्या भाऊजी," आई डोळे पुसत म्हणाली. "तेवढं बघा."

बायकांना असले प्रश्न पुरुषानं विचारायचे म्हणजे मार खायची तयारी हवी. म्हणून प्रश्न मी विचारायचे आणि भाऊकाकांनी ओट्याच्या टोकाशी पाठमोरं उभं राहायचं असं ठरलं. मला त्या वेळी सोळावं लागलं होतं आणि आपल्याला माणसांना बोलतं करता येतं असा माझा समज होता. तो पहिल्याच घरी उतरला. "मावशी, तुम्ही लग्नाआधी जुळं केळं खाल्लं होतं का?" असं विचारल्यावर मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, काल काय भाजी केली ते मला आठवून नाही राहिलं, आणि तू चाळीस वर्षांमागचं केळं विचारते?" राजपुऱ्यात बहुतेकींचं उत्तर हेच. भाऊकाका पाठमोरेच ओरडायचे, "नाही म्हणून धर!"

पण जिथं जुळी होती तिथं गंमत वेगळी. भाऊकाकांनी अशी घरं मुद्दाम शोधून काढली होती, आणि त्या घरांत केळ्याचा तपास आमच्या आधीच लागलेला असायचा. सिंधीपुऱ्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आता खाया की नाही खाया, मला तर याद नाही. पण सासूबाई बोलल्या, खायाच असेल, तर खायाच असेल ना!" आतून सासूबाईंचा आवाज आला, "असेल कशाला? होताच!" इतवाऱ्यात तर एका आजोबांनी शपथेवर सांगितलं की सुनेला केळं खाताना त्यांनी पाहिलं होतं. सून म्हणाली, ते तर लग्नाआधीचं, तेव्हा मी अमळनेरला होते. आजोबा म्हणाले, "तरी पाहिलं."

तिसऱ्या दिवशी जेवताना भाऊकाकांनी निकाल दिला. वांग्याचं भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा हवेतच धरून ठेवला होता. "आकडा आला. मी लपवणार नाही. शास्त्रात लपवाछपवी नाही."

"किती?"

"तिप्पट."

आईच्या हातून पळी पडली. दादा म्हणाले, "या माणसाला सरकार पगार देतं, समजलं काय?" मी ताईकडे पाहिलं. ती शांतपणे भाकरी मोडत होती. घास गिळून तिनं विचारलं, "तिप्पट, पण कशाच्या?"

"अं?"

"कशाच्या तिप्पट, काका? न खाणारीला किती होतात?"

भाऊकाकांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला वाटलं वीज आली. "वा! अगं हेच तर! न खाणाऱ्या शंभरात समजा एकीला होतात. मग खाणाऱ्या शंभरात तिघींना. तिप्पट झालीच, पण सत्त्याण्णव जणी सुटल्याच की! एका मुंगीच्या तीन मुंग्या झाल्या म्हणून घर कुणी सोडत नाही. एका हत्तीचे तीन झाले तर मात्र सोडावं."

"आणि ती तिप्पट तरी खरी का?" ताई म्हणाली. "जुळ्यांची घरं तुम्ही हुडकून काढलीत. त्यांच्याकडे केळं सासूनं खायला घातलं, तेही मागाहून. बाकीच्यांना आठवत नाही ते सगळं तुम्ही 'नाही' म्हणून धरलंत."

भाऊकाकांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "सुमन, तू माझ्या खात्यात असतीस तर मला नागपूरहूनच कायमचं घरी पाठवलं असतं."

आता या वयात, परवाच माझ्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, हिनं धोका निम्मा होतो. मी म्हटलं, कशाच्या निम्मा? डॉक्टर भला माणूस, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. गोळी मी घेतेच आहे, पण समजून घेते आहे. पेपरात अमुक खाल्ल्यानं अमुक दुप्पट असं आलं की घरातली पोरं आता माझ्याकडे बघून आधीच ओरडतात, "कशाच्या?" आणि ही गोष्ट ऐकली की सगळे विचारतात, पुढे ताईला जुळी झाली का? ते मी सांगत नाही. भाऊकाकांची मला ताकीद होती, की एका बाईवरून लोक लगेच सिद्धांत काढतात.

तर, ताईला उत्तर मिळालं, पण गावाला मिळाली ती फक्त तिप्पट. आम्ही इतवाऱ्यात ज्या ओट्यांवर बसून आलो होतो त्यांतला एक काकूंच्या चुलतबहिणीच्या शेजारचा निघाला, आणि शास्त्रात लपवाछपवी नाही म्हणून भाऊकाकांनी आकडा तिथंही सांगितला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकू दारात उभ्या, मागे मधुकर, मान खाली घालून. आईनं सतरंजी घातली. काकू टेकल्याही नाहीत नीट. "मी म्हटलं निरोप धाडण्यापेक्षा तोंडावर सांगावं. मुलगी चांगली आहे. पण तुमच्याच माणसानं तिप्पट काढली म्हणे. आता मी जाणूनबुजून..."

"थांबा!" भाऊकाका आतून भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन धावत आले. त्यांनी काकूंसमोर शेंगांचे दोन ढीग मांडले. "या शंभर बाया, न खाणाऱ्या. या शंभर, खाणाऱ्या. शेंग म्हणजे बाई. इथली एक बाजूला काढली, तिला जुळी. इथल्या तीन काढल्या, त्यांना जुळी. बाकीच्या सगळ्या, बघा केवढा ढीग, यांना एकेकच!"

काकूंनी ढिगाकडे बघता बघता, सवयीनं, त्यातली एक शेंग उचलून फोडली. आणि तळहात पुढे केला.

"हिला तर दोन आहेत."

काकूंनी दुसरी फोडली. दोन. तिसरी फोडली. "अगंबाई, हिला तीन!"

दादा भिंतीकडे तोंड करून हसू लागले. मधुकरचे खांदे हलत होते. भाऊकाका "चिंचोके, चिंचोके आणा" म्हणत राहिले, पण आई जागची हलेना. सगळं संपलं असंच तिला वाटलं असावं. मलाही वाटलं. तेवढ्यात ताई बाहेर आली. बोलावल्याशिवाय मुलीनं असं बाहेर यायचं नसतं, पण ती आली आणि काकूंसमोर खाली बसली.

"काकू, तुम्ही ते केळं खाल्लं तेव्हा एकटीनंच खाल्लं का हो?"

"एकटीनं कसं? माहेरी आम्ही दोघी बहिणी. अर्धं मी, अर्धं गोदीनं."

"मग गोदीमावशींना?"

"तिला?" काकू थांबल्या. "तिला सात. पण एकेक. रांगेत."

पलीकडे माग चालू होते. काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब चाललेला दिसत होता. मग त्यांनी भाऊकाकांकडे वळून दरडावलं, "म्हणजे इतकी वर्षं मी त्या केळ्याला उगाच शिव्या घातल्या असं म्हणणं आहे का तुमचं? हो की नाही, सांगा."

"हो-नाही असं नाही सांगता येत काकू, शक्यता असते..."

"मग राहू द्या तुमचं." त्या पुन्हा ताईकडे वळल्या, आणि आवाज उतरला. "तुला नाही ठाऊक पोरी. सासू नव्हती, माहेर लांब. एकाला पाजलं की दुसरा रडायचा. आणि पाजलं ते कुणाला, हेही मी विसरायची."

"म्हणून सुधाकर जाड आहे," मधुकर हळूच म्हणाला.

"तू गप रे!" पण हे म्हणताना त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. "केळ्याचं जाऊ दे गं. दोन झाली तर काय करशील तू?"

ताईनं क्षणभर विचार केला. "एक मी धरीन. एक तुम्ही धराल ना?"

काकूंना हा प्रश्न कधी कुणी विचारला नसावा, आणि त्यांनाही कुणाला विचारायला मिळाला नसावा. पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "धरीन की. पण शांत असेल ते मी धरीन. रडकं मला आता झेपायचं नाही."

"वा!" आई, जी चार दिवस रडत होती, ती तटकन पुढे झाली. "शांत तुम्ही ठेवणार आणि रडकं काय आमच्याकडे धाडणार?"

"मग पहिलं बाळंतपण माहेरीच असतं विहीणबाई! तेव्हा दोन्ही तुमच्याकडेच."

"ते सव्वा महिना! पुढे?"

"पुढे सुमन रडक्याला घेईल, तुम्ही मधून मधून येत जा."

"मी येऊ? आणि इथं भाकरी कोण थापणार? यांचा भाऊ?"

दादा म्हणाले, "अहो, आधी लग्नाची तिथी तर काढा, समजलं काय?" कुणीही ऐकलं नाही. होकार त्या दुपारी कुणीच दिला नाही. न झालेलं रडकं मूल कुणाच्या गळ्यात, यावर दोन आया सतरंजीवर समोरासमोर बसून भांडत होत्या. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि मधुकर तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. आणि भाऊकाका, ज्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं, ते मांडी घालून न खाणाऱ्या शंभर जणींपैकी एकेक सोलून खात होते.